आवणीला गेलेली गल्ली

१२ जुलै

आवणी आटोपली. दुपारच्या एसटीने हरसूलहून परत. अंगाला चिखलाचा वास अजून तसाच. कंबर माझी नाही, कुणाची तरी उसनी आणल्यासारखी वाटतेय. पण शेवटच्या खाचरात भाताची रोपं लावताना नणंद म्हणाली, "वहिनी, शहरात राहून बी तुझी ओळ सरळच!" एवढ्यावर मी वर्षभर जगेन.

गल्लीत शिरलो आणि पाय थबकले. सगळ्या दारांवर लाल रंग. आमच्या दारावर मोठी फुली, खाली 'बंद'. शेजारी फुली, 'बंद'. पुढे तेच. फक्त हौसाबाईच्या दारावर नंबर. सर्व्हे होऊन गेला म्हणजे. महिनाअखेर येणार म्हणून सांगितलं होतं, आले नेमके आम्ही सगळे गुडघाभर चिखलात असताना.

वस्ती पाडून इथेच इमारत. ज्याच्या दारावर नंबर त्याला फ्लॅट. ज्याच्या दारावर फुली त्याला...

हे दारापुढे उभे राहून फुली बघत होते. म्हणाले, "रंग चांगल्या कंपनीचा हाय. निघनार नाय." गवंडी माणूस, दुसरं काय सुचणार!

१३ जुलै

हौसाबाई सकाळीच आली, डोळे सुजलेले. गल्लीत आवणीला न जाणारी ती एकटीच. नवरा गेल्यावर दिरांनी तिला शेताकडे फिरकू दिलं नाही. सर्व्हेवाल्यांनी तिलाच विचारलं, बाकीचे कुठे? तर ही बया काय म्हणाली!

"म्या सांगितलं, आवनीला गेलेत. साधीसुधी मानसं नाय ती, शेतीवाली हायेत. ज्याचं त्याचं शेत हाय गावाला, घर हाय. कोनाच्या दारात हात पसरनारी नाय."

म्हणजे आमची अब्रू राखायला गेली. सर्व्हेवाल्याने ऐकलं, मान डोलावली आणि लिहून टाकलं, मूळ गावी राहतात.

आधी असा संताप आला की परातीतलं पीठ तसंच सोडून उठले. बाहेर जाऊन उभी राहिले. मग वाटलं, तिच्या जागी मी असते तर काय बोलले असते? हेच. वर दोन शब्द जास्तच. आत येऊन तिला चहा दिला. तिने बशीत ओतलाच नाही, नुसता धरून बसली.

म्हणे, "माझा बी नंबर पुसून टाकते. समद्यांचं होईल ते माझं." मी ओरडले तिच्यावर. गल्लीत एक तरी नंबर राहू दे बाई.

१५ जुलै

योजनेचं ऑफिस. मी, हे, आणि गल्लीतले आणखी काही जण. तिथली मॅडम पोरसवदा आहे, पण बोलायला सरळ. लाइट बिल दाखवलं, रेशनकार्ड दाखवलं, अंगणवाडीत मदतनीस म्हणून इतकी वर्षं काढली त्याचा दाखला दाखवला.

"मावशी, बिल भरणारा तिथे राहतोच असं नाही ना. कितीतरी जणांनी खोल्या भाड्याने देऊन ठेवल्यात. आणि तुमच्याच शेजारणीने सांगितलंय, गावी राहतात."

रस्ता एकच. पुन्हा पंचनामा मागायचा. त्या दिवशी वस्तीबाहेरच्या, अगदी लगत राहणाऱ्या माणसाने समोर उभं राहून सांगायला हवं, की हे लोक इथेच राहतात, बारा महिने.

लगत कोण आहे आमच्या? एका अंगाला नाला. दुसऱ्या अंगाला टॉवर. आता तो टॉवर आमच्यासाठी बोलणार! त्यांच्या गॅलरीतून नदी दिसते, पण आधी आमचे पत्रे दिसतात. एवढंच त्यांचं आमच्याशी नातं.

आम्ही आलो तेव्हा इथे गंगापूर रोडपर्यंत बाभळी होत्या. बाभळी तोडून वाट केली ती ह्यांनी आणि ह्यांच्या सोबत्यांनी. आता त्याच वाटेवर काचेचं कॉफीचं दुकान झालंय. असो. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

१८ जुलै

माजी येऊन गेला. माजी नगरसेवक. त्याला 'माजी' म्हटलेलं आवडत नाही म्हणून मी रोजनिशीत तेच लिहिते.

खुर्ची हौसाबाईकडून आणावी लागली. बसला, घाम पुसला, म्हणाला, "यमुनामावशी, मामला एकदम सिंपल आहे. एका कागदावर लिहून द्या, गावी काही नाही. शेत नाही, घर नाही, भूमिहीन. बाकी ऑफिसात मी बघतो. पंचनाम्याच्या भानगडीत पडूच नका."

हे तंबाखू मळत होते. हात थांबला.

"आन मग शेताचं काय करू? उचलून कुठं ठेवू?"

माजी हसला. त्याला वाटलं चेष्टा. हे चेष्टा करत नव्हते, मला आवाजावरून कळलं.

"कागदावर हो काका, कागदावर! शेत कुठं जातंय? शेतीवाल्यांना फ्लॅट मिळत नसतो, लिहून घ्या माझ्याकडून."

गेल्यावर हे म्हणाले, बापाने डोंगर फोडून खाचरं काढली. कारवीच्या कुडाचं का होईना, घर उभं केलं. आणि मी सही करून सांगू, नाय म्हनून? जेवले थोडंच.

माझा मात्र ऊर भरून आला. फुलीवाल्या दारात बसून नवऱ्याचा अभिमान वाटतोय, ह्याला काय म्हणावं!

२० जुलै

विलास आणि हे, दोघांचं वाजलं. पोराची बाजू खोटी नाही. अंबडला कंपनीत काँट्रॅक्टवर आहे. मनमाडचं स्थळ आलंय, मुलीचे वडील रेल्वेत. त्यांचा एकच प्रश्न, फ्लॅट कधी?

"आई, त्या शेतात वर्षाला किती भात होतं? अभिमान शिजवून खाणार का आपण?"

हे: "त्याच भातावर तुझी आई बाळंतीण झाली हुती."

विलास गाडीला किक मारून निघून गेला. मी दोघांच्या मधे. मलाही फ्लॅट हवाय. नळ आत असेल, संडास आत असेल, सून आल्यावर तिला बादली घेऊन रांगेत... हे सगळं मला हवंय. कोण नको म्हणेल?

२ ऑगस्ट

गुडघा दुखतोय. दुसरं काही नाही.

१० ऑगस्ट

समाजमंदिरात बैठक. माजीच्या कागदावर दोन घरांनी सही केली. त्यांच्या माना खाली होत्या. एका घरात दोन लग्नाच्या पोरी, दुसऱ्यात म्हातारा अंथरुणाला खिळलेला. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांनी तोंड चालवू नये.

बाकीचे म्हणाले, टॉवरवाल्यांचे पाय धरू. कुणी म्हणालं, त्यांच्या सेक्रेटरीला गावचे तांदूळ नेऊन देऊ. मला ते ऐकवेना. उभी राहिले. (अंगणवाडीत बायकांपुढे बोलायची सवय, आवाज आपोआप मोठा होतो.)

म्हटलं, गावाला आपण आवणी कशी करतो? सावडीने. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या. तिथे आपण कुणाचे पाय धरतो का? घरी जाऊन आवतण देतो. उद्या आमच्याकडे सावड, या. मग ह्यांनाही आवतणच देऊ. त्यांनी आपल्याला एक सकाळ द्यावी, आपण त्यांना एक देऊ. उपकार नकोत.

मग हौसाबाई म्हणाली, "त्या टावरवाल्यांना कसली गं सावड? त्यांना तर झाडू मारायला बी मशीन हाय."

सगळे हसले. मीही हसले. पण कुणी नको म्हणालं नाही.

१७ ऑगस्ट

गेलो टॉवरवर. मी आणि हौसाबाई. इरकल नाही, साधंच पण धुतलेलं लुगडं नेसले. केस नीट.

वॉचमन नामपूरकडचा. चांगला आहे बिचारा. पण मोठ्या लिफ्टकडे वळले तर म्हणाला, "मावशी, तुमनी लिफ्ट तिकडे शे." तिकडची म्हणजे कामवाल्यांची. म्हटलं, आज कामाला नाही आले, आवतण द्यायला आलेय. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मोठीच उघडून दिली. आत आरसा. दोघींनी पदर सारखे केले.

नवव्या मजल्यावर त्या काकू राहतात. सोसायटीच्या अध्यक्ष. वस्तीच्या नावाने सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच, म्हणून गल्लीत त्यांचं नावच 'नववा'. दार उघडलं, आत या म्हणाल्या. आवतण उंबऱ्यावरूनच द्यायचं, बसायचं नाही, ही आमची रीत. नको म्हटलं. त्यांना वाटलं मी रागात आहे.

सांगितलं सगळं. आवणी, फुली, पंचनामा. आणि सावड.

"म्हणजे तुम्हाला माझी साक्ष हवी."

"साक्ष नाही ताई, एक सकाळ. आमच्याकडून तुम्हाला एक येणं राहील."

"मला तुमच्याकडून काय लागणार?" असं म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, खरंच विचारत होत्या. म्हटलं, वेळ आल्यावर कळेल. कमिटीत विचारते म्हणाल्या. दार लावलं.

उतरताना हौसाबाई म्हणे, "अगं, त्यांच्या घरात चपला ठेवायला आपल्या खोलीएवढी जागा हाय." दोघी लिफ्टमध्ये इतक्या हसलो की वॉचमन बघायला आला.

२२ ऑगस्ट

पोळा. मातीचे बैल आणले, पुरण केलं. नवव्याकडून काही निरोप नाही.

३० ऑगस्ट

निरोप नाही. विलास: "सांगितलं होतं."

११ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

काल दिवसभर पाऊस. नाला वरच्या अंगाला तुंबला. तिकडे नवी बांधकामं, त्यांचं सगळं सिमेंटचं खरकटं, पोती, थर्माकोल नाल्यात. पाणी आमच्याकडे चढलं नाही, आमचं जोतं उंच आहे, ह्यांनी मुद्दाम तसं घेतलं होतं. टॉवरच्या तळघरात मात्र घुसलं. सगळ्या गाड्या पाण्यात. सकाळी तिथे आरडाओरडा. पंप आणले, पण नाला मोकळा झाल्याशिवाय पंप काय करणार, उपसलेलं पाणी परत आतच.

गल्लीत सगळे ओट्यावर उभे राहून बघत होते. खोटं कशाला लिहू, मजा येत होती. कुणीतरी म्हणालं, बरी जिरली. मीही मनात म्हटलं.

हे आत गेले, घमेलं आणि फावडं घेऊन बाहेर आले. पायजमा वर खोचला.

विलास ह्यांना: "दादा, कुठं? त्यांनी हो तरी म्हटलंय का आपल्याला?"

"आवतन आपन दिलंय ना? मग पयला दिवस आपला. सावडीत कुनीतरी पयलं उतरायला लागतंच."

आणि उतरले नाल्यात. ह्या वयात. मागोमाग शेजारचे दोघे. मग बायका. मी गुडघ्यामुळे वरून घमेली घ्यायला उभी राहिले. हौसाबाईने पदर खोचला आणि सरळ खाली. ज्यांनी माजीच्या कागदावर सही केली होती त्या दोन घरांतलेही आले, काही न बोलता. आवणीला जशी रांग लागते तशी रांग लागली. कुणीतरी गाणं सुरू केलं, आवणीचंच. घाणीत उभं राहून आवणीचं गाणं!

थोड्या वेळाने बघते तर विलास. कंपनीचे कपडे अंगावर, बूट काढलेले, सगळ्यात पुढे, छातीएवढ्या पाण्यात, अडकलेली पोती ओढतोय. बापाकडे बघत नव्हता. बापही त्याच्याकडे बघत नव्हता. पण ह्याने पोतं ओढलं की त्यांचं फावडं पडायचं, असं चाललं होतं.

पाणी सुटलं तेव्हा जो आवाज झाला! सगळी गल्ली ओरडली. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते, मोबाइल धरून. मला त्या वेळी असं वाटलं की मी ह्या वस्तीची आहे हे सगळ्यांना ओरडून सांगावं.

१२ सप्टेंबर

टॉवरचा सेक्रेटरी पाकीट घेऊन आला. ह्यांनी हात मागे घेतले. "पैसे घेतले की मजुरी झाली साहेब. सावड मोडते."

तो गोंधळला. पाकीट कुठे ठेवावं कळेना. शेवटी खिशात घातलं आणि पाणी मागितलं. दिलं. उभ्याने प्यायला, मग बसला, मग बराच वेळ बसला. तो जळगावकडचा निघाला, त्याची आई अजून शेतात जाते म्हणे.

सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलीय. कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळी.

२६ सप्टेंबर

आम्ही मागितलेल्या पंचनाम्याचा दिवस कळला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नवव्याकडे निरोप पाठवला वॉचमनबरोबर. उत्तर नाही. परत जाऊन विचारणार नाही. आवतण एकदाच द्यायचं असतं.

माजीही येऊन गेला. आमच्या सहीसाठीचा कागद अजून त्याच्या खिशात आहे, घडीवरून फाटत चाललाय. ह्या वेळी विलासलाच बाजूला घेऊन बोलला. विलासने मला काय ते सांगितलं नाही.

३ ऑक्टोबर

काल सोनं वाटलं, आज पंचनामा. दोन्हीला सारखीच घाई.

मॅडम आली, बरोबर दोघे. पहिलं दार आमचंच. लगतचा रहिवासी कोण? मी टॉवरकडे बघितलं. गेटात कुणी नाही. मॅडम घड्याळ बघत होती. हौसाबाई पुटपुटत होती, देवाचं की शिव्या, कळलं नाही. माजी पांढरे कपडे घालून आलाच होता, कोपऱ्यात हौसाबाईचीच खुर्ची टाकून फोनवर.

मग सेक्रेटरी आला. आणि त्याच्या मागून नववा. पंजाबी ड्रेस, पायात स्लीपर, नाल्याकडच्या वाटेने, काचा टाळाव्यात तशी एकेक पाऊल सांभाळत.

मॅडम: "तुम्ही ह्यांना ओळखता?"

"ओळखते म्हणजे काय? रोज पहाटे ह्यांच्या चुलीचा धूर माझ्या बेडरूममध्ये येतो. किती वर्षं भांडतेय त्यावरून. जुलैत काही दिवस आला नाही, तेव्हा मी मिस्टरांना म्हटलं, बरं वाटतंय आज. ते दिवस सोडले तर एक दिवस खाडा नाही ह्यांचा. लिहा."

गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. मॅडमसुद्धा. काकू हसल्या नाहीत, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धुराचं आपण नंतर बोलू." मी म्हटलं, बोलू.

सही करताना नाव सांगितलं. सुनंदा. इतकी वर्षं नववा म्हणत होतो, आणि नाव माझ्या धाकट्या बहिणीचं निघालं. एकेका दारापुढे तेच बोलल्या, दर वेळी तितक्याच रागाने. त्यांच्या आवाजाची मला आजवर चीड होती. आज तोच गोड वाटला.

पण शेवटी मॅडम परत आमच्या दाराशी आली. अजून एक राहिलं होतं. "गावी शेती?" माजीने फोन खाली केला. मॅडम हळू आवाजात मला म्हणाली, "मावशी, नियमात शेतीबद्दल काही नाही. पण मागच्या सर्व्हेत ते लिहिलं गेलंय. वरचे साहेब तेवढं वाचून अडवू शकतात. मी हा प्रश्न विचारलाच नाही असं करते, चालेल?"

भली पोर. तिने माझ्यापुढे दार उघडून धरलं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी जमिनीकडे. खरं सांगते, नळ आठवला, सून आठवली. एक शब्द न बोलता नुसती मान हलवली असती तरी...

विलास पुढे आला. मला वाटलं, आता हा मान हलवणार.

"लिहा मॅडम. शेती आहे. भात आणि नागली. आज्याने फोडलेली जमीन आहे. आवणीला आम्ही दरवर्षी जातो, पुढच्या वर्षीपण जाणार. हे पण लिहा."

मॅडमने त्याच्याकडे बघितलं आणि लिहिलं. माजी निघून गेला, हौसाबाईची खुर्ची वाटेतच टाकून. ह्यांनी डोळे पुसले ते मला दिसलं, पण मी दिसल्याचं दाखवलं नाही. पोराच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटत होतं ह्यांना, ठेवला नाही. विलासच्या पाठीवरचं कसलं तरी कुसळ काढलं, नव्हतंच तिथे.

निकाल दिवाळीनंतर. वरचे साहेब काय म्हणतील, देव जाणे.

आत्ता विलास ओट्यावर बसून मनमाडला फोनवर बोलतोय. मी आत भाकरी थापतेय, कान तिकडे.

"नाही हो, फ्लॅटचं अजून नक्की नाही... हो. शेत आहे आमचं. हरसूलला. तुम्ही या एकदा बघायला."

पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.